फुटाचा इंच

बाराव्या हिश्शाला आणल्यावर बाबांची भिंत नाहीशी झाली. यंत्रानं कागद सावकाश बाहेर सोडला, नेहमीसारखा कोमट, कडांना जरा वळलेला. तिनं तो दोन्ही हातांवर झेलून टेबलावर पसरला, तर त्यावर वेल नव्हती, पानं नव्हती, पक्षी नव्हता. फिकट हिरवट-करडा असा एक सलग रंग होता, चार दिवस डब्यात विसरलेल्या पावावर चढतो तसा. चष्मा कपाळावर सरकवून तिनं कागद नाकाशी नेला, मग भिंगाखाली धरला. भिंगाखाली सगळं होतं. पान न् पान, पानाची शीर न् शीर, पक्ष्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपकासुद्धा. भिंग बाजूला केलं की पुन्हा ती बुरशी. हिशोबात चूक नव्हती, तिनं तीनदा तपासला होता. बाबा फुटाचा इंच म्हणाले होते, आणि तिनं फुटाचा बरोबर इंचच केला होता. तरी जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पाय रिकाम्या हवेतून खाली जाऊन थडकावा, तसं तिला झालं. जिना चढून वर येऊन उभं राहिल्यावरही गुडघ्यात राहतो तसा तो दणका तिच्यात राहिला.

जेवणाची सुट्टी होती. नकाशे विभागातली रांगेनं मांडलेली उंच टेबलं रिकामी होती. मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या प्रमुख, हात पुसत पुसत आल्या आणि सवयीनं तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"हा कुठला भाग गं? सगळी दलदलच दिसतेय."

"भाग नाही, बाई. आमच्या घरातली भिंत आहे."

"भिंतीत दलदल? मग कागद कसला काढतेस, आधी प्लंबर बोलाव." स्वतःच्याच विनोदावर त्या अर्ध्यापर्यंत हसल्या आणि मग त्यांना आठवलं. यंत्र वापरायची परवानगी त्यांनीच दिली होती. "बाहुलीघराचं का? अजून राहिलंय ते?"

"एकच खोली राहिलीय. शनिवारी न्यायला येणार आहेत."

"आज मंगळवार."

"हो."

मोठ्या बाईंनी कागदाची वळलेली कड बोटानं सरळ केली. ती पुन्हा वळली.

ते बाहुलीघर बाबांनी केलं होतं. चार खोल्यांपैकी तीन पुऱ्या केल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंतींना कागद लावला, त्यामुळे शहरातून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे एक उपद्व्यापच असायचा. दर दोन चौकांनी थांबून ते मान वर करत, "त्या तिथे तिसऱ्या मजल्यावर आपली एक भिंत आहे, निळ्या पट्ट्यांची," आणि लहानपणी तिला खरोखरच वाटायचं की एवढ्या सगळ्या घरांतून आपलं काहीतरी राहतं आणि ती माणसं आपल्याला ते वापरू देतात एवढंच. कपड्यांना, केसांना, डब्याच्या झाकणालाही खळीचा वास असे, शिजलेल्या पिठाचा आणि तुरटीचा, थोडा आंबूस. शाळेत एकदा शेजारच्या मुलीनं नाक मुरडलं तेव्हा तिनं घरी येऊन सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "तिला म्हणावं, आमच्या घरी भिंतीसुद्धा जेवतात." मग गुडघे गेले. "शिडीनं मला कामावरून काढून टाकलं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वर्षभर खिडकीत बसून त्यांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालींना नावं ठेवली, आणि मग एके दिवशी ऑफिसातून ती घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर प्लायवुडचे तुकडे, करवत आणि नमुन्यांच्या जुन्या जाड वह्या पडल्या होत्या, दुकानदार गिऱ्हाइकापुढं उलगडतात त्या. घर मुंगीसाठी होतं. मुंगी म्हणजे दादाची मुलगी, सात वर्षांची. रांगायला लागल्यापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी सतत ओढत नेत असते म्हणून मुंगी. दर रविवारी दादा तिला आणून सोडायचा आणि मग आजोबा-नात टेबलाशी बसायचे. ती स्वतः आतल्या खोलीत पुस्तक घेऊन पडलेली असायची. बाहेरून कात्रीचा आवाज यायचा, कुजबुज यायची, मधूनच दोघांचं एकदम हसणं यायचं, आणि आठवड्यातून एकच दिवस मिळतो वाचायला असं म्हणत ती पान उलटायची.

त्या घराच्या स्वयंपाकघराला त्यांनी निळ्या चौकटींचा कागद लावला, निजायच्या खोलीला बारीक उभ्या रेघांचा, माळ्यावरच्या खोलीला पिवळा ठिपक्यांचा. बैठकीची खोली मात्र उघडी ठेवली. त्या खोलीला त्यांना 'आपली भिंत' हवी होती, राहत्या घरातली. ती भिंत तशी मूळची त्यांची नव्हेच. कुठल्याशा बंगल्यात अर्ध्या कामात मालकिणीचं मन फिरलं आणि उरलेल्या गुंडाळ्या मजुरीच्या वर बाबांच्या पदरात पडल्या. ती तेव्हा पाच वर्षांची होती, दादा नऊ. सायीच्या रंगावर हिरवी वेल, मधूनमधून विटकरी फळं, आणि हातभर अंतरावर एकेक पक्षी, मान मागं वळवून बघणारा, आपल्याला कोणीतरी हाक मारली की काय अशा चेहऱ्याचा. गुंडाळ्या दारापाशी कमी पडल्या. बाबांनी कापलेले तुकडे जोडून भिंत कशीबशी भागवली, आणि तिथल्या एका पक्ष्याच्या मानेवर डोक्याच्या जागी फळ आलं. दादानं त्याचं नाव फळतोंड्या ठेवलं. सगळे कारागीर नक्षी न जुळलेली जागा दाराआड नाहीतर पडद्याआड लपवतात, बाबा पाहुण्यांना हाताला धरून फळतोंड्यापुढं नेऊन उभं करत आणि म्हणत, "चूक माझी नाही बरं, कंजुषी कागदाची." आई गेली, दादाचं लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आणि त्या भिंतीशी टेकवलेल्या खुर्चीत बाबा एकटे बसू लागले. डोकं मागं टेकून टेकून वेलीवर एक काळपट लंबगोल उमटला. तेलाचा. तिनं एकदा तो पावाच्या मऊ तुकड्यानं पुसायला घेतला, त्यांनीच शिकवलेला उपाय, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं. तेवढी एकच जागा मी डोक्यानं केलीय."

"काय सरकार," त्यांनी थंडीच्या दिवसांत विचारलं होतं. ती सरकारी खात्यात लागल्यापासून तिचं नाव सरकार. "तुमच्या ऑफिसातलं ते मोठं यंत्र कधी मोकळं असतं का? आपल्या भिंतीचा फुटाचा इंच करून आणायचा होता." ती म्हणाली, "बघते, बाबा." पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाली, "बघते." यंत्र मोकळंच असायचं. वेळही होता. तिच्याकडे अडचण अशी नव्हतीच. ते काम केव्हाही होण्यासारखं होतं म्हणूनच ते कधी झालं नाही. त्यांनी तगादा लावला नाही. फक्त रविवारी टेबल आवरताना हसून म्हणायचे, "सरकारी काम आणि सहा महिने थांब." ते चारच महिने थांबले. एके दुपारी शेजारच्या बाईंचा ऑफिसात फोन आला, आणि ती घरी पोचली तेव्हा ते खुर्चीतच होते, डोकं मागं टेकलेलं, त्या लंबगोलात अगदी बरोबर बसलेलं, जणू माप घेतलेलं. त्याला पाच महिने झाले. म्हण तिला आता ऐकवत नाही. ऑफिसात ती दिवसातून दोनदा तरी कोणीतरी म्हणतंच.

म्हणून तिनं गेल्या आठवड्यात काम सुरू केलं तेव्हा हातचं काही राखून ठेवलं नाही. भिंतीचे सेहेचाळीस फोटो काढले, विमानातून काढलेले जमिनीचे फोटो जोडतात तसे कडेला कड लावून जोडले. एकही पान सोडलं नाही. दिव्याचं बटण, जुन्या घड्याळाच्या खिळ्याचं भोक, दादानं क्रिकेट खेळताना उडवलेला टवका, फळतोंड्या, आणि तो तेलाचा लंबगोल, सगळं जसंच्या तसं. हे सगळं बाहुल्यांच्या बैठकीच्या खोलीत नेऊन चिकटवायचं आणि मग घर देऊन टाकायचं, असं ती स्वतःला सांगत होती. यातला दुसरा भाग ती जरा भराभर सांगत होती.

बुधवारी दादाचा फोन आला. मागं चिकटपट्टीचा चर्र आवाज येत होता. त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली होती आणि त्याच्या घरात आठवडाभर खोकी भरली जात होती.

"शनिवारी सकाळी ट्रक जाईल. आम्ही दुपारी गाडीनं निघू. वाटेत वर येऊन घर घेऊन जातो."

"एक खोली राहिलीय अजून."

"अगं, पांढरा रंग फास आणि मोकळी हो. मुंगीला काय कळतंय?"

"बाबांनी सांगितलं होतं."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. "बाबांनी मलाही बरंच सांगितलं होतं," दादा म्हणाला. आणि मग, "एक विचारू? रागावू नकोस. तू ते घर देणार आहेस ना?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. पाच महिने दर रविवारी पोरगी विचारते आणि पाच महिने दर रविवारी तुझी खळ वाळलेली असते."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे येऊन कापून दाखव एक पान."

"मला नाही जमत, म्हणून तर तुझ्या नाकदुऱ्या काढतोय ना," तो म्हणाला, आणि मग कोणीतरी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. वहिनी. "अगं, यांचं मनावर घेऊ नकोस. खोक्यांनी डोकं फिरलंय त्यांचं, सकाळी चष्मासुद्धा भरून टाकला आत. तुला घाई होत असेल तर राहू दे. पुढं केव्हातरी येऊ तेव्हा नेऊ, किंवा नाहीच... म्हणजे मुंगीला मी समजावते. खरंच."

वहिनीच्या त्या चांगुलपणानं तिला जेवढी भीती वाटली तेवढी दादाच्या बोलण्यानं वाटली नव्हती. 'किंवा नाहीच' या दोन शब्दांपाशी एक दार होतं आणि ते कोणीतरी अदबीनं उघडून धरलं होतं. नुसतं 'बरं' म्हणायचं. टेबलावर घर राहील, त्यात एक खोली उघडी राहील, आणि बाबांनी सांगितलेलं एक काम कायम करायचं राहील. त्यांनी तिच्याकडं आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. पाणी, चष्मा, वर्तमानपत्र. एवढं एक मागणं शिल्लक होतं. ते पुरं केलं की बाबा पुन्हा तिच्याकडं काही मागणार नव्हते. हे तिनं इतक्या उघड शब्दांत आधी कधी मनाशी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर फोन धरलेला हात कानापाशी गरम झाला. "नको," ती म्हणाली, "शनिवारी न्या." तिचाच आवाज तिला पायऱ्यांच्या तळाशी उभ्या असलेल्या कुणाचा तरी वाटला. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टेबलाशी बसून राहिली. घराचा पुढचा भाग बिजागरीवर उघडा होता. तिन्ही सजवलेल्या खोल्या कशा शहाण्यासारख्या दिसत होत्या, आणि चौथ्या खोलीत लाकडाचे रेषेरेषेचे डोळे होते, प्लायवुडला असतात तसे, दोन मोठे आणि एक बारीक.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं बाराव्याऐवजी सहावा हिस्सा केला. आता पानं दिसली, पण पक्षी बाहुलीच्या डोक्याएवढा झाला आणि त्याची ती मागं वळलेली नजर एकदम हिंस्र वाटायला लागली. असल्या भिंतीपुढं बाहुल्या सोफ्यावर बसल्या असत्या तर घाबरून एकमेकींना चिकटूनच. तेलाचा लंबगोल तर भगदाडासारखा दिसत होता. मोठ्या बाई या वेळी विनोद करायला थांबल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं.

"चौदा वर्षं माझ्या हाताखाली गाळतेयस," त्या म्हणाल्या, "आणि हे काय घेऊन बसलीस?"

विभागाच्या नियमावलीत त्या कामाला लांबलचक नाव होतं, पण बोलताना सगळे गाळणंच म्हणत. मोठा नकाशा लहान करायचा तर नुसता आकार कमी करून भागत नाही, सगळ्याचा चिखल होतो. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते एकेक करून ठरवावं लागतं. ओढ्याची सतरा वळणं असतात त्यातली चार काढायची, पण अशी काढायची की ओढा वळणावळणाचा आहे हे बघणाऱ्याला कळावं. रस्ता मापानं काढला तर केसाहून बारीक येईल, म्हणून तो खऱ्याहून रुंद काढायचा. घरांच्या पुंजक्याचा एकच ठिपका. या कामात तिच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नवी मुलं लागली की त्यांना तिच्या शेजारी बसवत; तिला दयामाया नाही, असं विभागात कौतुकानं म्हटलं जाई.

"रोज कुणाकुणाच्या वाड्या पुसतेस," मोठ्या बाई म्हणाल्या, "कुणाची विहीर, कुणाची पाऊलवाट. तेव्हा बरा हात कापत नाही. आणि घरचं आलं की मेली शीर न् शीर ठेवायची."

"चूक झाली, बाई."

"चूक नाही गं." त्यांनी तिच्याकडं न बघता कागदाची गुंडाळी केली. "माझी आई गेली तेव्हा मी तिचं सगळं कपाट तसंच्या तसं ठेवलं होतं. सहा वर्षं. शेवटी मला त्यात आई दिसेना, कपाटच दिसायचं. जा, उद्या रजा टाक. आणि यंत्राला हात लावू नकोस, तुझ्या हातानं काढ."

शुक्रवारी सकाळी ती भिंतीसमोर जमिनीवर बसली. खुर्ची तिनं बाजूला सरकवली नाही. गुडघ्यावर पाटी, पाटीवर पातळ कागद, शेजारी रंगाच्या वड्या आणि पाण्याचा पेला. काय गाळायचं? हा प्रश्न तिनं हजारदा सोडवला होता आणि आज तो पहिल्यांदाच तिच्याकडं तोंड करून बसला होता. आधी बटण गेलं. त्याचं काही वाटलं नाही. खिळ्याचं भोक गेलं. मग टवका. टवक्याबरोबर दादाचा तो पळून गच्चीवर जाऊन बसणारा उन्हाळा जाईल असं तिला वाटलं, पण टवका गाळला तरी उन्हाळा काही गेला नाही, होता तिथंच राहिला. वेलीच्या दर वळणाला सात पानं होती. तिनं तीन ठेवली आणि ती खऱ्याहून अंमळ मोठी काढली. फळं गाळवत नव्हती, आई आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या ती मोजायची, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा, आणि बाबा म्हणायचे, "पिकून पडत असतील गं." तिनं पाचांतलं एक ठेवलं. पक्षी ठेवला, फक्त त्याचे पंख एका रेघेचे केले आणि मान तेवढी नीट, निगुतीनं, श्वास धरून काढली, कारण सगळं त्या मानेत होतं. फळतोंड्यापाशी ती पेन्सिल चावत बसली. मग तिला वाटलं, नव्या घरात कागद कमी पडलेला नाही. मुंगीच्या पक्ष्यांना डोकी असू देत.

उरला तो लंबगोल. एका पट्टीवर तिनं करून पाहिला. चहाचं पातळ पाणी कुंचल्यानं लावलं, कड ओली ठेवली, वेल त्याच्याखालून दिसू दिली. हुबेहूब झाला. एवढासा, वाटाण्याएवढा, एखादी बाहुली रोज दुपारी तिथं डोकं टेकून बसत असावी असा. पट्टी तिनं घराच्या चौथ्या खोलीत धरून पाहिली. ओल आल्यासारखी दिसत होती. वरच्या निळ्या स्वयंपाकघरातून पाणी झिरपतंय आणि कुणी लक्ष देत नाही असं एक दुर्लक्षलेलं घर. मुंगी विचारणार, हे काय आहे, आणि मग आपण सांगणार, आणि मग ते तिनं सांभाळायचं, त्याच्याशी हळू खेळायचं. तिनं पट्टी बाहेर काढली. उठून ती खऱ्या भिंतीपाशी गेली, खुर्चीत बसली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं डोकं मागं टेकलं. तिचं डोकं त्या लंबगोलाच्या बरंच खाली येत होतं. बाबा उंच होते हे ती विसरली होती असं नाही, पण शेवटच्या वर्षभरात ते इतके बसलेले असायचे, की ते किती उंच होते हे तिच्या मानेला आठवत नव्हतं. कागद डोक्यामागं थंड होता आणि थोडा खरखरीत. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मग ती पट्टी तिनं चुरगाळली आणि उरलेला कागद काढायला घेतला.

शनिवारी सकाळी तिनं खळ शिजवली. पीठ, पाणी, तुरटीची कणी, आणि ढवळणं थांबवायचं नाही. खळ लावलेला कागद घडी घालून थोडा वेळ मुरू द्यायचा असतो, एवढं तिला माहीत होतं, पण घड्याळाकडं बघून तिनं तो जरा लवकरच उचलला. मागची भिंत, मग डावी, मग उजवी. बोटं आत जेमतेम मावत होती. जुन्या मऊ रुमालानं तिनं कागद मधून कडेकडे सारत नेला. मागं सरकून पाहिलं तेव्हा खोलीत हिरवळ होती. वेल चढत होती, पक्षी मान वळवून बघत होते. ही बाबांची भिंत नव्हती. कुठल्याही पानावर बोट ठेवून हे तिथलं आहे असं दाखवता आलं नसतं. तरी कुणी बाराव्या हिश्शाचं होऊन त्या खोलीत आलं असतं, तर आपण कुणाच्या घरी आलो ते त्याला कळलं असतं, इतपत ती होती.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. मुंगी पुढं, मागं धापा टाकणारा दादा. "खाली गाडी चुकीच्या जागी लावलीय," तो दारातूनच म्हणाला, "दहा मिनिटांत निघू." आणि मग त्यानं घराच्या चौथ्या खोलीत वाकून पाहिलं आणि हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली. मुंगीनं घर पाहिलं ते वेगळ्याच तऱ्हेनं: एक डोळा मिटून, गाल टेबलाला टेकवून, बाहुलीच्या उंचीवरून. तिनं उजवी भिंत पाहिली, डावी पाहिली, बोट कुठंच लावलं नाही.

"आत्या, इथे फुगा आलाय."

होता. मागच्या भिंतीवर, खालच्या वळणाशी, मसुराएवढा. कागदाखाली हवा राहिली होती. लवकर उचलल्याची शिक्षा. इतक्या सगळ्यानंतर हेच घराबरोबर जाणार होतं तर. तिनं शिवणाच्या डब्यातून सुई काढली. बारीक टोचायचं आणि रुमालानं दाबायचं, दुसरं काय.

"टोचू नको!" मुंगीनं तिचं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "पहिल्या दिवशी फुग्याला हात लावायचा नसतो. बघायचंसुद्धा नसतं जास्त. बघितलं की तो आणखी फुगतो, रुसलेल्या माणसासारखा."

"कोण म्हणतं असं?"

"आजोबा." यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा. "वाळताना कागद स्वतःचा स्वतः ओढून घेतो. मग बसतो फुगा. फक्त वारा लागू द्यायचा नाही, नाहीतर तो घाईघाईनं वाळतो आणि तसाच राहतो."

"हे तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"निळ्या खोलीच्या वेळी. तिथे तर तीन आले होते." मुंगीनं मनगट सोडलं. "तू आत वाचत होतीस."

ती सुई हातात धरून उभी राहिली. भिंतीतल्या एकेका पानाचा तिनं हिशोब ठेवला होता. आणि या दारापलीकडं, दहा पावलांवर, दर रविवारी बाबा बोलत होते आणि ते सगळं या पोरीच्या डोक्यात जाऊन बसलं होतं, फळाफुलांसकट, तिनं कधीही न पाहिलेलं. टोचलं ते आधी टोचलं. पण त्यामागून जे आलं ते दुःख नव्हतं. बाबांचं एक वाक्य आज तिनं नव्यानं ऐकलं होतं. पाच महिन्यांनंतर, पहिल्यांदाच, नवं.

"मला नाही कधी सांगितलं," ती म्हणाली.

"तुला कशाला सांगतील? तू कुठे कागद लावायचीस?" मुंगी म्हणाली, आणि घराची एक बाजू धरून ते स्वतःच उचलायला लागली.

तिघांनी मिळून ते जिन्यातून उतरवलं. मागच्या सीटवर त्याला मधोमध बसवलं, पट्टा लावला, आणि मुंगी त्याच्याशेजारी एवढ्याशा जागेत मावली. पुढं वहिनी मांडीवर फायली घेऊन बसली होती. ऊन असं होतं की गाडीच्या टपाकडं बघवत नव्हतं. दादानं बसल्या बसल्या चारही काचा खाली केल्या.

"काचा वर, बाबा!" मुंगी ओरडली.

"अगं, उकडून मरू आपण."

"वारा लागेल ना त्याला!"

"बरं, बरं. एसी लावतो."

"एसी पण वाराच असतो."

दादानं मागं वळून पाहिलं, मग वहिनीकडं पाहिलं, वहिनी खिडकीबाहेर बघत हसत होती, आणि मग त्यानं मदतीसाठी फुटपाथकडं, बहिणीकडं पाहिलं. तिनं खिडकीवर हात टेकले. आतून अजून ओल्या खळीचा वास येत होता.

"ती म्हणते ते बरोबर आहे," ती म्हणाली. "काचा वर घे."

"किती वेळ?"

"वाळेपर्यंत," मुंगी आतून म्हणाली.

दादानं बाहीनं कपाळ पुसलं आणि एकेक करून चारही काचा वर घेतल्या. शेवटची काच वर गेली तेव्हा आतलं बोलणं बंद झालं. फक्त ओठ हलताना दिसत होते, त्याचे वैतागलेले, वहिनीचे हसरे, आणि मुंगीचे, जी घराकडं मुद्दाम पाठ करून, अजिबात न बघता, बसली होती. गाडी निघाली. हात बाहेर काढून हलवायची सोय नव्हती, म्हणून तिघांनी आपापल्या काचेला आतून तळवे टेकवले. तिनं फुटपाथवरून हात वर केला, आणि गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत चारही काचा तशाच बंद होत्या.